सही, निशाणी आणि कुंदाताई

कुंदाताई मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बाईच्या चष्म्यावरून भांडत होत्या. ती बाई जाऊन तीनशेच्या वर वर्षं झाली होती.

हे भांडण न्यू जर्सीतल्या एका दप्तरखान्यात चाललं होतं. पिस्कॅटवेहून गाडीने अर्ध्या तासावर विटांची दुमजली इमारत, तळघरात जुनी कागदपत्रं आणि वरच्या मजल्यावर आम्ही. माझी आधीची नोकरी गेली होती. नवी शोधायला व्हिसावाल्यांना साठ दिवस मिळतात, त्यातले पन्नासेक संपले होते, आणि कन्सल्टन्सीने जो मिळाला त्या प्रोजेक्टवर मला टाकलं होतं. इंग्रज या भागात नुकते वसत होते त्या काळातली मृत्युपत्रं, खरेदीखतं, मेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाच्या याद्या, कोर्टातल्या जबान्या असं सगळं डेटाबेसमध्ये घालायचं होतं. डेटाबेस मी बांधायचा. ते जुनं, वेटोळ्यांचं अक्षर वाचून टाइप करायचं काम कुंदाताईंचं.

मी दारात उभी राहिले तेव्हा आमचे सुपरवायझर ग्रेग खुर्चीत मागे रेलून बसले होते. भला माणूस, कायम सर्दी झालेला. त्यांच्यासमोर साठीच्या पुढची, बुटकी, कापलेल्या पांढऱ्या केसांची बाई जुलै महिन्यात जाड स्वेटर घालून उभी. हातात एक यादी.

"चष्मा शिवणकामालाही लागतो, कुंदा," ग्रेग म्हणत होते.

"आणि बायबल? तेही शिवायला?"

"बायबल नवऱ्याचं असेल."

"नवरा हिच्या आधी बारा वर्षं गेला. घरातलं निम्मं सामान हिनं विकलं. बायबल नाही विकलं, चष्मा नाही विकला. आणि तुम्ही लिहून ठेवणार, हिला वाचता येत नाही."

"मी नाही लिहीत. प्रोजेक्टच्या नियमांत, स्पेकमध्ये लिहिलंय. सही असेल तर साक्षर, निशाणी असेल तर निरक्षर." ग्रेगनी नाक पुसलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ही नवीन आलीय. तो कॉलम हीच बनवणार आहे."

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातला बॅज वाचला आणि मराठीत विचारलं, "पुण्याची का?"

"हो."

"जेवली का?"

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती अशी. भांडण तिथेच राहिलं. त्या जाऊन आपल्या जागेवर बसल्या आणि बसताना म्हणाल्या, "थकली बाप्पा."

हे त्या दिवसातून वीसेक वेळा तरी म्हणायच्या. बसताना, उठताना, तळघरातून पेटी घेऊन जिना चढल्यावर, कधी काहीच न करता. कोणाला ऐकवण्यासाठी नाही. दुसरं कोणी श्वास सोडेल तसं ते यायचं. त्या मूळच्या नागपूरच्या. तिथे महापालिकेच्या शाळेत सहा वर्षं शिक्षिका होत्या. मेश्राम इंजिनिअर होते, त्यांच्याबरोबर लग्न करून इकडे आल्या. या दप्तरखान्यात आधी फायली लावायच्या कामावर लागल्या, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दुपारच्या सुट्टीत त्यांना ते जुनं वळण वाचायला शिकवलं. त्याला वीस वर्षं झाली होती. मेश्राम पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगी श्वेता शिकागोजवळ शॉमबर्गला, नवरा आणि एका मुलीसह. ती रोज फोनवर एकच सांगायची, आई, सोड ते आणि ये इकडे.

कुंदाताईंची वाचायची पद्धत फार सावकाश होती. प्लास्टिकची एक पारदर्शक पट्टी ओळीखाली धरायची, ओळ मनात वाचायची, परत वाचायची, परत. मग टाइप करायचं. शेजारी बसून बघताना जीव वर-खाली व्हायचा. एकदा मी न राहवून विचारलं, "ताई, काय लिहिलंय?" तर म्हणाल्या, "थांब नं. अजून ती बोलली कुठे?"

बारा वाजता त्या डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये जायच्या, गाडीत एकट्या बसून जेवायच्या आणि सीट मागे करून पडायच्या. माझा पहिला आठवडा होता. मला वाटलं मराठी माणूस भेटलंय, बरोबर जेवू. मी काचेवर टकटक केली. त्यांनी काच चार बोटं खाली केली. "बारा ते साडेबारा मला कोणाशी बोलायचं नसते, मधुरा. राग नको मानू. साडेबारानंतर कितीही बोल." मी राग मानला. दोन दिवसांनी माझ्या टेबलावर भाकरी आणि झुणक्याची पुडी आली. त्यावर पेन्सिलने लिहिलं होतं, 'साडेबारानंतर खाणे.'

निरक्षर हा शब्द त्या तोंडातून काढायच्या नाहीत, अडाणी तर नाहीच. एखाद्या कागदावर नावाऐवजी निशाणी दिसली की म्हणायच्या, "यानं सही केली नाही. एवढंच कळते आपल्याला." आणि ती निशाणी आपल्या वहीत पेन्सिलने उतरवून घ्यायच्या. मला वाटायचं सगळे नुसती फुली मारत असतील. तसं नव्हतं. कोणाचा नांगर, कोणाचं उलटं आर, कोणाचा मेंढपाळाच्या काठीसारखा आकडा. चष्म्यावाल्या बाईचं नाव हॅना होतं. तिची निशाणी एचसारखीच होती, पण मधे एकाऐवजी दोन आडव्या रेघा. शिडीसारखी.

"पाहा, हिला एच माहीत आहे," कुंदाताई मला म्हणाल्या. "छापलेला एच. पाहून पाहून काढला. त्या काळी वाचायला आई शिकवायची, नाहीतर शेजारची बाई, चुलीपाशी बसवून. लिहिणं म्हणजे वेगळंच काम. पिसाचं टोक कापा, शाई करा, कागद आणा, मास्तर शोधा. तेवढं करायचं तर पोरासाठी करतील. पोरीच्या हातात सुई देतील. ती पोरगी बायबल घडाघडा वाचेल, पण नाव लिही म्हटलं तर कोंबडीचा पाय काढेल. आणि तुझा कॉलम म्हणेल, नाही."

"माझा कॉलम नाहीये तो, ताई."

"बनवते तर तूच."

मी तो कॉलम बनवला. हो किंवा नाही, तिसरं काही घेता येणार नाही असा. स्पेकमध्ये तसंच होतं आणि स्पेकच्या बाहेर जायची माझी ताकद नव्हती. रोज सकाळी मी आधी व्हिसाचा मेल आलाय का ते बघायचे आणि मग कॉम्प्युटर सुरू करायचे. पण कॉलमच्या शेजारी शेऱ्यासाठी एक जागा ठेवली, अडीचशे अक्षरांची. तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. कुंदाताईंना ती दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, "हे लोकांना दिसेल?"

"नाही. आतल्या आतच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि त्याच दिवसापासून त्यांनी शेरे भरायला घेतले. जिथे 'नाही' पडत होतं तिथे तिथे. घरात पुस्तक सापडलं. मुलाला वाचायला शिकवावं असं मृत्युपत्रात सांगितलं. हात थरथरत होता, साक्षीदाराने नोंदवलं. काही नसेल तर नुसतं, सही केली नाही, कारण माहीत नाही.

आता ग्रेगबरोबरच्या मीटिंगची गोष्ट. एक सुतार होता. त्याची तरुणपणीची दोन खरेदीखतं सापडली, दोन्हीवर झोकदार सही. मग त्याचंच मृत्युपत्र सापडलं. त्यावर वाकडी फुली. डेटाबेसमध्ये त्याच्यापुढे दोनदा 'हो' आणि एकदा 'नाही' आलं. कुंदाताई तिन्ही कागदांच्या प्रती घेऊन मीटिंगला आल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या.

"हा माणूस मरता मरता निरक्षर झाला का?" तो शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा ऐकला. इंग्रजीत.

मी हसले. ग्रेगही हसले. मग म्हणाले, "अपवाद आहे, कुंदा. आजारी होता."

"अपवाद कसा? मृत्युपत्र लोक मरतानाच करतात. सगळेच आजारी असतात."

ग्रेगनी खिशातून टिश्यू काढला. त्यांचंही खरं होतं. दुसऱ्या चार राज्यांत असंच काम चाललेलं होतं, सगळ्यांचे कॉलम सारखे असले तरच आकडे जुळवता येणार होते, आणि ते जुळवले तरच पुढच्या वर्षी निधी मिळणार होता. हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. कुंदाताईंनी ऐकून घेतलं, कागद गोळा केले. जिन्यात मला म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. चांगल्या माणसाशी भांडायला जास्त त्रास होते."

पण हॅना आणि सुतार यांच्यासाठी भांडणाऱ्या कुंदाताई एकदा मात्र भांडल्या नाहीत. ऑक्टोबर असेल. त्या एक यादी टाइप करत होत्या. मोठं घर होतं, सामान पुष्कळ. मी माझ्या कामात होते. बराच वेळ त्यांच्या की-बोर्डचा आवाज आला नाही म्हणून मी मान वर केली. पट्टी एका ओळीवर होती आणि त्यांचा हात पट्टीवर.

"काय झालं, ताई?"

त्यांनी मला जवळ बोलावून ओळ वाचून दाखवली. तांब्याची दोन भांडी, एक काळी बाई नाव बेट आणि तिचं मूल, एक दुभती गाय. तिन्हींपुढे किंमत लिहिलेली होती. ती त्यांनी वाचली नाही.

"हिला कोणत्या कॉलममध्ये घालू?" त्यांनी विचारलं.

डेटाबेसमध्ये माणसांसाठी तक्ता होता आणि सामानासाठी वेगळा तक्ता. यादीत जे येईल ते सामानाच्या तक्त्यात जाणार, असं मीच बांधलेलं. ते त्यांनाही ठाऊक होतं.

"'हो' नाही तर 'नाही', पण 'नाही' म्हणायला तरी माणसात धरायला पाहिजे नं आधी," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, चिडूनही नाही. मग साडेतीन वाजता, जेवायची वेळ नसताना, त्या खाली गाडीत जाऊन बसल्या. खिडकीतून मला दिसत होत्या. सीट मागे केली नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ बसल्या होत्या, जशा कुठेतरी निघाल्यात. पाऊण तासाने वर आल्या आणि राहिलेली यादी पूर्ण केली. संध्याकाळी मी बॅकअप घेताना बेटच्या ओळीचा शेरा पाहिला. 'ही माणूस आहे. मूलही. मुलाचं नाव लिहिणाऱ्याने लिहिलं नाही.'

दुसऱ्या दिवशी मी न विचारता माणसांच्या तक्त्यात बेटसाठी एक ओळ वाढवली. साक्षरतेचा कॉलम तिथे मला रिकामा सोडता येईना, प्रोग्रॅम घेतच नव्हता, म्हणून नियम थोडा सैल केला. याची किंमत मला मोजावी लागेल असं वाटत होतं. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

थंडी सुरू झाली तशी कुंदाताईंची गाडी बंद पडली. दुरुस्तीला बरेच दिवस लागले, त्या काळात मी त्यांना ने-आण करायचे. एका रविवारी त्यांना पिस्कॅटवेजवळच्या एका शाळेत सोडायचं होतं. तिथला हॉल भाड्याने घेऊन महाराष्ट्रातली बौद्ध मंडळी महिन्यातून एकदा वंदनेला जमायची. मी गाडीत थांबते म्हटलं, तर "थंडीत काहून बसते, चल आत" म्हणून घेऊन गेल्या. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मग कोपऱ्यातल्या एका टेबलाशी कुंदाताई बसल्या. लोक फॉर्म घेऊन यायला लागले. व्हिसा वाढवायचा, पत्ता बदलायचा, आईवडिलांचा विमा. जो तो "जयभीम, ताई" म्हणत समोर बसायचा आणि त्या तोंडाने थकली म्हणत फॉर्म भरायच्या.

एक आजोबा आले, वर्ध्याकडचे. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि आणखी थोडे दिवस राहायचं होतं. फॉर्म भरून झाला. कुंदाताईंनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. आजोबांनी पेन घेतलं, कागद सरळ केला, पेन उजव्या हातात नीट बसवलं आणि पहिलं अक्षर काढायला घेतलं. ते सावकाश काढत होते. मागे रांग होती. त्यांचा मुलगा, अंगात ऑफिसचं जॅकेट अडकवलेला तिशीतला मुलगा, वाकून म्हणाला, "बाबा, इट्स ओके, नुसता एक्स करा, चालतो इथे. अलाउड आहे, यार. लोक थांबलेत."

आजोबांचं पेन थांबलं.

"चालते," कुंदाताई म्हणाल्या. "पण त्यांना येते नं लिहिता. लिहू दे. कोण कुठे चाललंय?" आणि रांगेकडे बघून म्हणाल्या, "बसा रे सगळे खाली."

आजोबांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. चौकटीत मावलं नाही, बाहेर गेलं. कुंदाताईंनी फॉर्म उचलला, वाचला, म्हणाल्या, "छान." मुलगा मोबाइल बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

परत येताना गाडीत त्या एकदम म्हणाल्या, "माझी माय वाचायची, माहीत आहे का तुला? लिहिता येत नव्हतं तिला."

मी हीटरचा आवाज कमी केला.

"बिड्या वळायची. आमची पाठ्यपुस्तकं पाहून वाचायला शिकली. मोठ्या भावाचं झालं की माझं, माझं झालं की धाकट्याचं. संध्याकाळी वस्तीतल्या बाया जमायच्या आणि ही त्यांना पेपर वाचून दाखवायची. अग्रलेखसुद्धा. पेन्सिल मात्र कधी धरली नाही. हात तंबाखूत असायचे दिवसभर. रेशनच्या दुकानात अंगठाच."

सिग्नल लागला. मी थांबले.

"मी शाळेत लागली त्यानंतर जनगणनेची ड्युटी आली. आमची वस्ती मलाच दिली. आमच्या घरी पोचली तर माय दारात पेपर वाचून राहिली होती. मी फॉर्म काढला. नियम असा, की वाचता आणि लिहिता दोन्ही आलं तर साक्षर. नुसतं वाचता आलं तर नाही. ट्रेनिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं. मी नवीन नोकरीवाली. बावीस वर्षांची." त्या समोर काचेकडे बघत होत्या. "मी निरक्षरवर खूण केली. तिनं वाकून पाहिलं. छापलेलं होतं, वाचलं तिनं. मला वाटलं आता बोलेल काहीतरी. ती म्हणाली, 'बरोबरच हाय. लिवता कुठं येते मले.' आणि पेपर घेऊन पुढचं वाचायला लागली."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता.

"तुझ्या घरी होतं का कोणी, सही न येणारं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

मी आठवलं. आमच्याकडे पणजीसुद्धा पत्रं लिहायची. सही न येणारं म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या सखूबाई. त्या पगार घेताना काही लिहायच्या का, त्यांना वाचता यायचं का, हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं त्या आमच्या घरी येत होत्या. मी तसं सांगितलं.

"हं," कुंदाताई म्हणाल्या, आणि त्या एवढंच म्हणाल्या यात मला बरं वाटलं.

जानेवारीत निधी कमी झाल्याची बातमी आली. प्रोजेक्ट ठरल्यापेक्षा दोन महिने आधी बंद होणार होता. राहिलेले कागद एक सॉफ्टवेअर वाचणार होतं, आणि कुंदाताईंना निवृत्ती घ्यायला सांगण्यात आलं. त्यांनी फारशी चर्चा केली नाही. एवढंच विचारलं, की कोर्टाच्या जबान्यांची पेटी सॉफ्टवेअरला द्यायच्या आधी मी बघू का. ग्रेग हो म्हणाले.

त्या पेटीत त्यांना हॅना सापडली. दोन शेजाऱ्यांचं कुंपणावरून भांडण होतं, त्यात एका बाईची लांबलचक जबानी. बोलता बोलता ती सांगते, की माझं पोर तापाने फणफणलं होतं तेव्हा म्हातारी हॅना आली, उशाशी बसली आणि तिच्या पुस्तकातून तिने आम्हाला वाचून दाखवलं. एवढंच वाक्य. मग परत कुंपण.

कुंदाताईंनी ते मला वाचून दाखवलं. स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि तशाच ग्रेगच्या खोलीत गेल्या. मी मागे.

ग्रेगनी ते नीट वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. "सुंदर आहे, कुंदा. खरंच. पण ते तिला पाठ असू शकतं. पुस्तक हातात धरून पाठ म्हणायचे लोक. सिद्ध होत नाही."

कुंदाताई उभ्याच होत्या. मला वाटलं आता त्या बायबल, बारा वर्षं, शिडीचा एच सगळं काढतील. त्यांनी कागद परत घेतला आणि बाहेर आल्या. जागेवर बसल्यावर म्हणाल्या, "तेही खरंच आहे म्हणा. पाठ असेल." आणि मग पट्टी ओळीखाली सरकवताना, "पण मग कुठून पाठ केलं तिनं?" हा प्रश्न मला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात सगळा डेटा मुख्य सर्व्हरवर चढवायचा होता. तो चढेना. एकाच माणसापुढे 'हो' आणि 'नाही' दोन्ही असेल तर सर्व्हर त्याला चूक समजून सगळी फाइल परत पाठवायचा. तो सुतार होताच, आणि त्याच्यासारखे आणखी कितीतरी निघाले. बेटसारख्या रिकाम्या जागाही होत्या, माझ्यामुळे. शुक्रवारी दुपारी मी ग्रेगना सांगितलं, एकेक माणूस तपासून निर्णय घ्यावा लागेल, दोन आठवडे जातील. किंवा कॉलमचं नाव बदलू. साक्षर-निरक्षर काढून टाकू आणि नुसतं लिहू, सही, निशाणी किंवा काही नाही. मग एकाच माणसाने कधी सही केली, कधी निशाणी, यात चूक उरत नाही.

"आणि त्या चार राज्यांचं?"

"त्यांनाही हाच एरर येईल."

ग्रेगनी खिडकीबाहेर बघितलं. पार्किंगमध्ये बर्फ पडत होता. "कर," ते म्हणाले. "काहीही कर. सोमवारपर्यंत चढलं पाहिजे."

मी धावतच कुंदाताईंकडे गेले. त्या पेट्यांवर चिकटपट्ट्या लावत होत्या. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, चिकटपट्टी दाताने तोडली.

"म्हणजे पटलं नाही त्याला."

"नाही. फाइल चढत नव्हती म्हणून."

"थकला असेल," त्या म्हणाल्या. "बरं झालं. चालते." आणि मग, पट्टी नीट दाबून बसवताना, "शेरे?"

मी त्यांना सांगितलं की शेरे आतच राहतील, लोकांना दिसणार नाहीत, तेवढं मला जमलं नाही. त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाल्या, "इकडचं टोक धर," आणि आम्ही दोघींनी पेटी उचलून गाड्यावर ठेवली.

मार्चमध्ये त्या शॉमबर्गला गेल्या. मला दुसरा प्रोजेक्ट मिळाला, मग तिसरा. फोन व्हायचे, पण कमी. फोनवर त्या थकली म्हणायच्या आणि मीही म्हणायला लागले होते.

गेल्या वर्षी एका कामासाठी मला शिकागोला जावं लागलं. शनिवारी कुंदाताई तिथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, डेव्हन ॲव्हेन्यूला भाजी आणायला येतात हे माहीत होतं. श्वेता त्यांना तिथे सोडते आणि दोन तासांनी परत न्यायला येते. एका मिठाईच्या दुकानात आम्ही भेटलो. त्या आणखी बुटक्या झाल्यासारख्या वाटल्या. चहा घेतला. मी सांगितलं की वेबसाइट लोकांसाठी सुरू झाली, सही आणि निशाणी असंच दिसतंय.

"लोक पाहतात का?"

"कधीकधी. आपले पूर्वज शोधणारे असतात."

"बेटला कोणी शोधलं?"

"ते कळत नाही, ताई."

"हं." त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला. नातीची चौकशी केली तर म्हणाल्या, हुशार आहे, दिवसभर बोलते, मी ऐकते, निम्मं कळते. माझ्या ग्रीन कार्डचं विचारलं. मी अजून नाही म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

बाहेर श्वेताची गाडी आली. जागा नव्हती म्हणून तिने ती रस्त्यातच उभी केली आणि मागे हॉर्न सुरू झाले. मी पिशव्या उचलून डिकीत टाकल्या. कुंदाताई घाईघाईने पुढे बसल्या, पट्टा लावला, काच खाली करून म्हणाल्या, "जा तू, पार्किंगचं मीटर संपेल तुझं." समोर बस थांबलेली होती, प्रवासी उतरत होते. त्यामुळे गाडी तिथेच अडकून राहिली. मी फुटपाथवर उभी. कुंदाताईंनी मान मागे टेकली होती आणि डोळे मिटले होते. मागच्या सीटवरून एक लहान आवाज आला, "आजी, डिड यू गेट माय चिक्की?"

कुंदाताईंनी डोळे न उघडता मांडीवरच्या पिशवीत हात घातला, पुडी काढली आणि खांद्यावरून मागे धरली. एका छोट्या हाताने ती घेतली. बस हलली, आणि मागोमाग गाडी.